मोगलाईतून मुंबईस

आपल्या स्मरणिकेच्या मागील अंकांतून कंकालेश्वराचे देवालय, अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचे वैजनाथ आणि धारूरचा किल्ला यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. त्यामुळे ‘जिल्ह्याच्या इतिहासावर काही द्या’ असे संपादक मंडळींनी यंदा सुचविले, तेव्हा एखाद्या स्थळाऐवजी एका वाटेचा इतिहास सांगावा असे आम्ही मनाशी योजिले. ही वाट बीडहून निघून मुंबईस पोहोचते. अंतर म्हणाल तर सुमारे ४०० किलोमीटर. आज रात्री गाडीत बसलेला मनुष्य उजाडता उजाडता दादरला उतरतो. परंतु आमच्या आजोबांच्या काळी ह्याच वाटेने जाणारा मनुष्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका नाण्यातून दुसऱ्या नाण्यात आणि एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जात असे. त्या अर्थी तो परदेशी प्रवासीच होता. विलायतेहून आगबोटीने आलेला साहेब मुंबईत जितका परका, तितकाच, किंबहुना थोडा अधिकच, आपला बीडकर तेथे परका होता. तरुण वाचकांस हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून ते थोडे विस्ताराने मांडतो.

घाटावरचा प्रदेश आणि समुद्रकाठची बंदरे यांचा संबंध वास्तविक फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठण आणि तेर ह्या दोन्ही पेठांचा उल्लेख सापडतो. भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्या अनामिक व्यापाऱ्याने नोंदविले आहे. पैठणचे अकीकासारखे दगड आणि तेरचे कापड गाड्यांवर लादून बंदराकडे जात असे. नकाशा उघडून पैठण आणि तेर यांच्यामध्ये बोट फिरवावे, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्यावरून जाते. तात्पर्य, आपला मुलूख समुद्रापासून दूर असला तरी समुद्रास अनोळखी नव्हता. परकेपणा आला तो पुढे, आणि तो राज्यकर्त्यांनी ओढलेल्या रेघांमुळे आला.

ती रेघ कशी पडली हे पाहावे. १७२४ नंतर दक्षिणेत निजामाची सत्ता स्थिर झाली. निजाम आणि मराठे यांच्या झटापटी याच भागात झाल्या. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी, आणि आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये, असे दोन्ही वेळा मराठ्यांनी जय मिळविला. परंतु राज्ये केवळ लढायांनी ठरत नाहीत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरचा मुलूख इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. बीडचा मुलूख निजामाकडे राहिला. एकाच बोलीचे, एकाच सोयरिकीचे, एकाच पंढरीच्या वाटेने जाणारे लोक एका सकाळी दोन राज्यांचे झाले. काही अंतरापर्यंत सीना नदी हीच हद्द होती. पलीकडच्या काठास लोक ‘इंग्रजी मुलूख’ म्हणत आणि अलीकडच्यास ‘मोगलाई’. दिल्लीचे मोगल केव्हाच गेले होते. परंतु शब्द राहिला आणि आपल्या माणसांस तो पुढे सव्वाशे वर्षे चिकटून राहिला.

कायद्याच्या काटेकोर भाषेत निजाम हा इंग्रजांचा मांडलिक होता, आणि बीडकरास मुंबईस जाण्यास पासपोर्ट लागत नसे, हे खरे. तथापि पासपोर्ट सोडला तर परदेशाची बहुतेक सर्व लक्षणे त्या हद्दीवर हजर होती. पहिले लक्षण नाणे. हैदराबाद राज्याचा रुपया निराळा. त्यास ‘हाली सिक्का’ म्हणत आणि त्यावर पुढील काळात चारमिनारचे चित्र असे. इंग्रजी रुपयास लोक ‘कलदार’ म्हणत. साधारणतः सात हाली रुपये द्यावे तेव्हा सहा कलदार हाती येत, आणि सराफाचा बट्टा वेगळा. दुसरे लक्षण जकात. १८०२ च्या व्यापारी तहापासून ये-जा करणाऱ्या मालावर शेकडा पाच या दराने जकात बसे. तिच्या खात्यास ‘करोडगिरी’ असे नाव होते. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. तिसरे लक्षण टपाल. निजामाच्या राज्याची स्वतःची टपाल-तिकिटे १८६९ पासून निघाली होती. ती राज्याच्या आत चालत, बाहेर चालत नसत. चौथे लक्षण भाषा. कचेरीचा कारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चाले. घरात मराठी, पोथीत मराठी, आणि सातबारा पाहावयास जावे तर उर्दू, अशी स्थिती होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात जे उर्दू शब्द सहज येत, त्यांचे कारण हे आहे. ते आमच्या मते कमीपणाचे नाही, परंतु मुंबईच्या कानास ते परके लागत.

आता ह्या वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. मुंबई हे नगरच परक्यांनी वसविलेले आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगिजांस दिली. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ती इंग्लंडच्या राजाकडे आंदणात गेली, आणि १६६८ मध्ये त्या राजाने वार्षिक दहा पौंड खंडाने ती ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. १६७३ मध्ये कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर येथे उतरला. त्याला दिसली ती ताडामाडांची, मासेमारीची आणि रोगट हवेची बेटे. त्या काळी दोन पावसाळे पाहणारा गोरा मनुष्य दैवाचा समजला जाई. हाच फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून घाट चढून गेला होता. म्हणजे तो समुद्रकाठच्या इंग्रजी ठाण्यातून घाटावरच्या मोगली मुलुखात गेला. आमचे लोक पुढे नेमके त्याच्या उलट दिशेने गेले.

पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा उद्योग आरंभिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या दख्खनच्या कापसास मुंबईत सोन्याचा भाव आला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे खाली उतरली आणि १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला. मग विलायतेहून येणाऱ्या प्रवाशांची रीघ लागली. त्या शहरात ‘येथलाच’ असा मनुष्य शोधणे कठीण झाले. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्यांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती.

मुंबईचे मराठीतील पहिले विस्तृत वर्णन ज्यांनी लिहिले ते गोविंद नारायण माडगांवकर हेदेखील बाहेरचेच. त्यांचा जन्म १८१५ मध्ये गोव्यातील मडगावचा, म्हणजे पोर्तुगीज राज्यातला. लहानपणी ते मुंबईस आले आणि पुढे शिक्षकी पेशात राहिले. १८६३ साली त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. आमच्याच पेशातल्या, परमुलुखातून आलेल्या एका शिक्षकाने मुंबईस मुंबई दाखविली, ह्याचा आम्हांस नेहमी अभिमान वाटत आला आहे. परक्याचा डोळा ताजा असतो, हे त्याचे कारण असावे.

विलायती प्रवाशांपैकी एकाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. मार्क ट्वेन हा प्रसिद्ध अमेरिकन लेखक जानेवारी १८९६ मध्ये मुंबईस आला आणि वॉटसन हॉटेलात उतरला. शहराचे रंग, पोशाख, कावळ्यांचा कलकलाट, सर्व पाहून तो हरखून गेला. परंतु पहिल्याच दिवशी हॉटेलात एका गोऱ्या इसमाने एतद्देशीय नोकरास तोंडावर मारल्याचे त्याने पाहिले. नोकराने ते मुकाट्याने सोसले. ते पाहून ट्वेनला आपल्या बालपणीच्या गुलामगिरीच्या मुलुखाची आठवण झाली आणि ती त्याने आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवली. पाहुण्याच्या डोळ्यास शहराचे सौंदर्य दिसले तसा शहराचा अन्यायही दिसला. परंतु ज्याने मार खाल्ला तो नोकर कोठला, कोणत्या गावाहून आला, ह्याचा पत्ता इतिहासास लागलेला नाही. साहेबाचा प्रवास पुस्तकात छापला गेला. नोकराचा प्रवास कोणी लिहिला नाही. आमच्या मुलुखातून गेलेल्यांची गत त्या नोकरासारखीच झाली.

आणि म्हणूनच आमच्या घरची एक हकीकत, जी आजवर फक्त ओसरीवर सांगितली गेली, ती ह्या पृष्ठांवर उतरवून ठेवीत आहोत.

आमच्या आजोबांचे धाकटे बंधू घरात भांडून १९३६ च्या सुमारास मुंबईस निघून गेले. वय वर्षे अठरा. कोणत्याशा गिरणीत काम लागले, असे एक पत्र आले. त्यावर पत्ता होता. घरून उत्तर गेले ते निजामाचे तिकीट लावून. ते पत्र पोहोचलेच नसावे. कारण मुंबईहून दुसरे पत्र आले त्यात ‘घरच्यांनी मला टाकले’ असे लिहिले होते. त्यानंतर पत्रे थांबली. दीड-दोन वर्षे वाट पाहून, पणजीने अन्न वर्ज्य केले तेव्हा, १९३८ च्या हिवाळ्यात आजोबा भावाच्या शोधात निघाले. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. बैलगाडीने आणि काही अंतर लॉरीने आष्टी-कड्याच्या बाजूने ते नगरकडे गेले. नाक्यावर गाठोडे सोडले तेव्हा त्यात भाकरी, चटणी, एक धोतर आणि भावासाठी पणजीने दिलेला तुपाचा गडू निघाला. नाकेदाराने तुपाचा वास घेतला, काही विचारले नाही आणि ‘जाव’ म्हणाला. आजोबा ही गोष्ट सांगताना त्या नाकेदाराचे नाव ठाऊक नसल्याबद्दल नेहमी हळहळत.

नगरच्या सराफाकडे कनवटीचे हाली रुपये मोडून त्यांनी कलदार घेतले. दौंड, पुणे, बोरघाट असे करीत आगगाडी बोरीबंदरास आली. व्हिक्टोरिया टर्मिनसची ती प्रचंड इमारत १८८७-८८ मध्ये पुरी झालेली. आजोबांस ती राजवाडा वाटली आणि आत जाण्यास परवानगी लागेल असे समजून ते जिन्याकडे न वळता गर्दीबरोबर बाहेर पडले. हवा दमट, अंगास चिकटणारी. आपल्याकडे वर्षास साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. मुंबईत दोन हजारांहून अधिक. हिवाळ्यातही तेथे घाम येतो हे त्यांस नवल वाटले. त्यांच्याजवळ पत्त्याची चिठ्ठी होती ती मोडीत लिहिलेली. रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीत. वाटसरूंस मराठीत विचारावे तर त्यांचे ‘दफ्तर’, ‘तहसील’, ‘मोहल्ला’ असे शब्द ऐकून लोक हसत आणि ‘मोगलाईतले काय?’ म्हणत. अखेर त्यांना उर्दू कामी आली. एका घोडागाडीवाल्याशी ते हैदराबादी वळणाने बोलले तेव्हा तो गृहस्थ खुशीने खाली उतरला आणि त्याने वाट समजावून दिली. ज्या भाषेमुळे ते आपल्याच भाषेच्या लोकांत परके ठरले, तीच भाषा परक्या शहरात उपयोगी पडली.

चिठ्ठीतल्या चाळीत बंधू नव्हते. खोली बदलली होती. तीन दिवस आजोबा लालबाग-परळच्या चाळींतून फिरले. रात्री एका देवळाच्या ओट्यावर निजले. चौथ्या दिवशी कोणीतरी सांगितले की, तुमच्या जातीचे एक गृहस्थ अमुक चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांस विचारा. ते गृहस्थ खानदेशाकडील. आमचे नातलग नव्हेत, ओळखीचेही नव्हेत. त्यांनी आजोबांस पाणी दिले, नाव-गाव विचारले आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग फळीवरची एक वही काढून दाखविली. त्या वहीत ज्ञातीतील दहा-बारा माणसांच्या नावांपुढे चार आणे, आठ आणे असे आकडे होते आणि वर ‘मोगलाईतील मुलगा, बीडकडील’ असे लिहिले होते. बंधू तापाने दोन महिन्यांपूर्वीच वारले होते. घरचा पत्ता कोणास ठाऊक नव्हता. त्या माणसांनी वर्गणी काढून त्यांस खांदा दिला आणि दहावे-तेरावेही केले होते.

आजोबांनी कनवटीचे उरलेले रुपये पुढे ठेवले. त्या गृहस्थांनी ते परत केले. तुपाचा गडू मात्र ठेवून घेतला आणि त्या दिवशी चाळीतील सर्व ज्ञातिबांधवांस वरणभातावर ते तूप वाढले. आजोबा समुद्र न पाहताच परतले. मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यास गावात पहिला प्रश्न ‘समुद्र पाहिला का?’ असा असतो. आजोबा उत्तर देत नसत.

ह्या हकीकतीत आम्हांस कोणास दोष द्यावयाचा नाही. तिकीट चुकीचे लागले, हद्द मध्ये आली, तारुण्य हट्टी होते. परंतु एक गोष्ट आम्ही त्यावरून शिकलो. परक्या नगरात उतरणाऱ्या मनुष्यास पहिल्याने काय लागते? प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. त्यास एक ओळखीचे दार लागते. साहेब येई तो शिफारसपत्र खिशात घालून, आणि त्याच्यासाठी हॉटेलचे दार उघडे असे. गोव्याची माणसेही १९६१ पर्यंत कायद्याने परदेशीच होती. परंतु त्यांनी धोबीतलाव वगैरे भागांत गावागावांच्या ‘कूड’ नावाच्या सामाईक खोल्या स्थापिल्या. बोटीवर जाणारा खलाशी असो वा नोकरी शोधणारा तरुण, आपल्या गावच्या कुडीत त्यास पथारी पसरण्यास जागा मिळे. आमच्या मुलुखाकडे अशी व्यवस्था नव्हती. जे दार होते ते एखाद्या सज्जनाच्या मनावर अवलंबून होते. आमच्या धाकट्या आजोबांस ते दार जिवंतपणी सापडले नाही, मेल्यावर सापडले.

असो. सरहद्दीच्या कथेचा शेवट सांगितला पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईत दिव्यांची रोषणाई झाली, तेव्हा बीडमध्ये स्वातंत्र्य नव्हते. त्याच दिवशी हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थ यांस अटक झाली. हेच स्वामीजी पूर्वी आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होते. पुढील तेरा महिने हद्दीचा अर्थ अधिकच भयंकर झाला. रझाकारांच्या धाकाने अनेक कुटुंबे सीना ओलांडून पलीकडे गेली; हद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसची शिबिरे उभी राहिली. पूर्वी लोक पोटासाठी इंग्रजी मुलुखात जात. आता जीव वाचविण्यासाठी स्वतंत्र भारतात जाऊ लागले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून बोटीवर चढली. ज्या कमानीतून परदेशी परत गेले त्या मुंबईत त्या दिवशीही बीडचा मनुष्य परराज्यातलाच होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी ती रेघ पुसली गेली.

पुसलेली रेघ लगेच दिसेनाशी होत नाही. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षे कलदाराच्या बरोबरीने चालत राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि इतिहासात प्रथमच बीडची राजधानी मुंबई झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्या शहरात आमच्या धाकट्या आजोबांस ‘मोगलाईतील मुलगा’ म्हणून वहीत लिहिले गेले, ते शहर बावीस वर्षांत त्यांच्या भावाच्या स्वतःच्या राज्याची राजधानी झाले. आजोबा त्या १ मे रोजी दिवसभर घरातून बाहेर पडले नाहीत, असे वडील सांगत.

आम्ही स्वतः मुंबईस प्रथम गेलो ते १९८१ साली. मॅट्रिक होऊन तीन वर्षे झाली होती, गावी काम नव्हते. मेव्हण्यांच्या ओळखीने एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. आमच्याजवळ पासपोर्ट नव्हता आणि तो लागणारही नव्हता. नाणे तेच, तिकीट तेच, राज्यही तेच. तरीही पहिल्या आठवड्यात ‘घाटी’ हा शब्द आमच्या वाट्यास आला. नाका उठला होता, पण नाक्यावरची नजर उठली नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली. आम्ही मार्चपर्यंत तग धरला आणि परत आलो. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन शाळेत रुजू झालो. परंतु त्या दहा महिन्यांत आम्ही ज्या खोलीत नऊजणांत निजलो, ती खोली एका ज्ञातिबांधवाची होती. त्यांनी संपाच्या तीन महिन्यांत आमच्याकडून भाडे घेतले नाही. निघण्यापूर्वी आम्ही चौपाटीवर जाऊन समुद्र पाहिला आणि आजोबांच्या वतीनेही पाहिला.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरपर्यंत रेल्वेगाडी सुरू झाली. जुन्या नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पुढच्याच महिन्यात नातीस घेऊन आम्ही त्या गाडीने मुद्दाम प्रवास केला. आजोबांस ज्या हद्दीवर गाठोडे सोडावे लागले, ती हद्द केव्हा मागे गेली हे डब्यातील कोणास कळलेही नाही. नातीने विचारले, ‘आजोबा, तुम्ही खिडकीतून काय शोधता?’ आम्ही तिला ही सर्व हकीकत सांगितली. ती काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘त्या खानदेशाकडच्या आजोबांचे नाव काय?’ आम्हांस ते सांगता आले नाही. आमच्या आजोबांनी ते सांगितले असेल. आम्ही लिहून ठेवले नाही.

ज्ञातिबंधू-भगिनींस आमची विनंती इतकीच आहे. आपल्या प्रत्येक घरातून कोणीतरी पहिल्यांदा मुंबईस गेले असेल. ते कोणत्या साली गेले, कोणत्या वाटेने गेले, कोणाच्या खोलीत उतरले, त्यांस पहिला घास कोणी वाढला, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आजच लिहून काढावे. साहेबांचे प्रवास ग्रंथांत सुरक्षित आहेत. आपल्या माणसांचे प्रवास ऐंशी-नव्वद वर्षांच्या काही थोड्या वृद्धांच्या स्मरणात उरले आहेत आणि दरवर्षी त्यांतले काही कमी होतात.

आणि मुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांस आणखी एक सांगणे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, आणि मोठ्या दुखण्याच्या उपचारासाठी आजही बीडकडची माणसे त्या शहरात रात्रीबेरात्री उतरतात. त्यांच्या हातात मोडीतली चिठ्ठी नसते, मोबाइल असतो. पण त्यात लावण्यासारखा एक नंबर असतोच असे नाही. त्यांस समुद्र कोणीही दाखवील. दार आपण दाखवावे.